रिनच्या जागी मी असते तर…

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच बारावी झाली. परीक्षा संपल्यावर तिने ‘द पॉपी वॉर’ नावाची जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचायला घेतली आणि ती संपेपर्यंत तिला जेवणाखाण्याचं भान नव्हतं. मी गोष्ट विचारली, तेव्हा कळलं की नायिका शेवटी शत्रूचा अख्खा देश जाळून टाकते, लहान मुलांसकट. मी म्हटलं, “मग ती नायिका कसली? राक्षसीणच झाली ती.” त्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, “आई, तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.” तेव्हापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. अशी नायिका लेखिकेला का लिहावीशी वाटली असेल? अशी पुस्तकं मुलांच्या हाती द्यावीत का?
ता. क. : याचे आणखी दोन भाग आहेत म्हणे. ती पुढे सुधारते का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या मुलीने दिलेलं उत्तर वाचकाच्या तोंडून निघावं, यासाठीच लेखिकेने पाचशेहून जास्त पानं लिहिली आहेत. ते उत्तर देऊन झाल्यावर वाचकाने दचकावं, हीही लेखिकेची इच्छा आहे. मुलगी पहिल्या मुक्कामावर पोचली आहे, तुम्ही थेट दुसऱ्या. मधला रस्ता तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून तुम्हाला ती राक्षसीण दिसते. मुलगी मात्र नायिकेचा, म्हणजे रिनचा, हात धरून तोच रस्ता चालून आली आहे, म्हणून तिला त्या जागी दुसरं काही करता येईल असं वाटतच नाही. तेव्हा आधी तो रस्ता पाहू. (ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं. पहिल्या भागाचा शेवट सांगितल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही.)

लेखिका रेबेका एफ. क्वांग यांचा जन्म १९९६ सालचा, दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौचा. चार वर्षांच्या असताना त्या आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेल्या आणि टेक्सासमध्ये वाढल्या. ही कादंबरी त्यांनी लिहायला घेतली तेव्हा त्यांना विशीही लागली नव्हती. पुस्तक २०१८ मध्ये आलं. पाठोपाठ ‘द ड्रॅगन रिपब्लिक’ (२०१९) आणि ‘द बर्निंग गॉड’ (२०२०) येऊन त्रयी पुरी झाली. यात देव आहेत, देव अंगात घेऊन लढणारी माणसं आहेत, जादूचे पहाड आहेत. तरी कल्पित ‘निकान’ म्हणजे चीन आणि त्याच्यावर चालून येणारा बेटावरचा ‘मुगेन’ म्हणजे जपान, हे थोडी पानं उलटली की कळतंच. क्वांग यांनी ते लपवायचा प्रयत्नही केलेला नाही.

गोष्ट सुरू होते परीक्षेच्या दालनात. टिकानी नावाच्या दक्षिणेतल्या दरिद्री गावात फांग रुनिन, म्हणजे रिन, ही युद्धात अनाथ झालेली मुलगी एका दुकानदार कुटुंबात वाढते आहे. हे कुटुंब दुकानाच्या आडून अफूचा चोरटा व्यापार करतं, आणि त्या धंद्याला सोयीचा म्हणून एका म्हाताऱ्या सरकारी अधिकाऱ्याशी तिचं लग्न लावायचं ठरवतं. सुटकेची एकच वाट आहे : केजू, म्हणजे साम्राज्याची परीक्षा. ही परीक्षा काही लेखिकेच्या कल्पनेतली नाही. चीनमध्ये अशा परीक्षा जवळजवळ तेराशे वर्षं चालल्या आणि १९०५ मध्ये बंद झाल्या. शेतकऱ्याचा मुलगा त्यातून मंत्री होऊ शकायचा, निदान तशी आशा तरी बाळगू शकायचा.

रिन रात्ररात्र जागून पाठांतर करते. झोप येऊ लागली की जळत्या मेणबत्तीचं मेण स्वतःच्या हातावर ठिबकवते, म्हणजे चटक्याने जाग राहील. आणि ती उत्तीर्ण होते. एवढ्या गुणांनी होते की देशातल्या सर्वात मानाच्या लष्करी विद्यापीठात, सिनेगार्डमध्ये, तिला प्रवेश मिळतो. खेड्यातली काळी, गरीब पोर कॉपी केल्याशिवाय इतके गुण मिळवेल, यावर परीक्षकांचाही विश्वास बसत नाही.

आता सांगा, या क्षणी आपण कोणाच्या बाजूने असतो? निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रात येणारी ती बातमी आठवा : धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी पहिली आली, पत्र्याच्या खोलीत अभ्यास केला, रात्री दोनला उठायची. ती बातमी वाचताना आपले डोळे भरतात आणि ते भरावेतच, कारण ती मुलगी त्या मानाला पात्र असते. क्वांग यांनी वाचकाच्या मनातला हाच खरा आदर हाताशी धरला आहे. जिद्द हा आपण निखळ सद्गुण मानतो. मेणाचे चटके वाचताना अंगावर काटा येतो, पण मनातल्या मनात आपण ‘शाब्बास’च म्हणतो.

सिनेगार्डमध्ये सगळी सरदारांची मुलं. रिनच्या रंगाला आणि दक्षिणी बोलीला तिथे रोज टोमणे मिळतात. टोमणे मारणाऱ्यांत पुढे असतो नेझा, एका बड्या सरदाराचा मुलगा. (नेझा हे चिनी लोककथेतल्या एका बालदेवाचं नाव. अभ्यासक त्या देवाचं मूळ बौद्ध ग्रंथांच्या वाटेने तिकडे गेलेल्या कुबेरपुत्र नलकूबरापर्यंत नेतात. कृष्णाच्या उखळाने ज्याचा उद्धार झाला, तोच हा.) तिथे रिनला पाळी सुरू होते. महिन्याचे ते चार दिवस अभ्यास बुडेल, म्हणून ती औषध घेऊन आपली गर्भधारणेची शक्ती कायमची नष्ट करून घेते. निर्णय पटकन होतो, ती मागे वळून पाहत नाही. इथे पहिल्यांदा वाचकाच्या घशाशी काहीतरी अडकतं. पण त्याच पानावर आपण तिची बाजूही घेतो : तिला दुसरा मार्ग कोणी ठेवला होता?

पुढे तिला जियांग नावाचे विक्षिप्त गुरू भेटतात. ते तिला देवांपर्यंत पोचायची वाट दाखवतात, त्यासाठी लागणाऱ्या वनस्पती दाखवतात, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात : देवाला बोलावता येतं, पण देव फुकट येत नाही, आणि एकदा आलेला देव आपल्या म्हणण्याने जात नाही. असा देव अंगात राहून वेड्या झालेल्या शामनांना, म्हणजे देव अंगात घेणाऱ्या माणसांना, जिवंतपणी दगडात कोंडून ठेवणारा एक पहाड या जगात आहे. जियांग यांचं म्हणणं असं की ही विद्या शस्त्र म्हणून वापरायचीच नाही. रिनला नेमकं शस्त्रच हवं असतं, कारण युद्ध दाराशी आलेलं असतं आणि तिच्याकडे घराणं, पैसा, सैन्य यांपैकी काहीच नसतं.

रिनच्या स्वभावात मध्येच कुठे दुष्टपणा शिरत नाही, आणि कादंबरीचं खरं सामर्थ्य मला इथे दिसतं. ज्या गुणाने ती टिकानीतून बाहेर पडते, त्याच गुणाने ती शेवटी एक देश जाळते : हवं ते मिळवण्यासाठी कितीही जळायची तयारी. सुरुवातीला जळतो तो तिचा स्वतःचा हात. मग तिचं गर्भाशय जातं, मग गुरूचा शब्द जातो. इतकं सगळं स्वतःचं दिल्यावर दुसऱ्याचं द्यायला तिचा हात अडत नाही. कुठल्या पानावर तिची साथ सोडायला हवी होती, ते शोधायला मी मागे गेलो, तेव्हा तसं एक पान बोट ठेवून दाखवता येईना.

लेखिकेला अशी नायिका का हवी होती, याचं उत्तर त्यांनी स्वतः मुलाखतींत दिलं आहे. रिनचा प्रवास त्यांनी माओ त्से तुंग यांच्या आयुष्यावरून बेतला आहे. एका खेड्यातलं कोणाच्या खिजगणतीत नसलेलं मूल कोट्यवधी माणसांच्या मरणाला कारण होणारा सत्ताधीश कसं होतं, हा त्यांचा प्रश्न. माओंच्या चरित्रातल्या काही खुणा थेट रिनमध्ये सापडतात. १८९३ साली हूनान प्रांतातल्या शाओशान या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी लावून दिलेलं लग्न त्यांनी कधी मानलं नाही. १९१८ साली ते पेकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात किरकोळ साहाय्यक होते, आणि दक्षिणी बोलीत बोलणाऱ्या या साहाय्यकाचं ऐकून घ्यायला तिथल्या विद्वानांना वेळ नव्हता, असं त्यांनी पुढे एडगर स्नो या अमेरिकी पत्रकाराला सांगितलं. हा अपमान सिनेगार्डच्या वर्गांत जसाच्या तसा आहे. क्वांग यांनी फक्त त्या जागी एक मुलगी आणून बसवली.

पण नुसत्या अपमानाने कोणी देश जाळत नाही. कादंबरीच्या मध्यावर युद्ध येतं आणि शाळेची गोष्ट संपते. मुगेनच्या फौजा निकानच्या युद्धकाळातल्या राजधानीत, गोलिन नीसमध्ये शिरतात. ते प्रकरण वाचताना मला पुस्तक दोनदा खाली ठेवावं लागलं. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने नानजिंग घेतलं आणि पुढचे सुमारे सहा आठवडे तिथे जे केलं, तेच या प्रकरणात आहे. मृतांचा आकडा युद्धानंतरच्या न्यायाधिकरणाने दोन लाखांच्या वर मानला, चीन तो तीन लाख मानतो. आयरिस चँग या चिनी-अमेरिकी लेखिकेने १९९७ मध्ये या हत्याकांडावर पुस्तक लिहिलं आणि पाश्चात्त्य जगाला ते विसरणं अवघड केलं. क्वांग यांनी आपली कादंबरी याच आयरिसना अर्पण केली आहे. त्याच युद्धकाळात हार्बिनजवळ पिंगफांग इथे ‘युनिट ७३१’ या जपानी लष्करी तुकडीत जिवंत माणसांवर रोगजंतूंचे आणि शस्त्रक्रियांचे प्रयोग झाले. तिचा प्रमुख इशी शिरो याला अमेरिकेने प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात खटल्यातून मोकळं सोडलं. कादंबरीतल्या क्रूर संशोधकाचं नावही शिरो आहे.

रिनला याच सुमारास कळतं की ती स्पीर बेटावरची आहे. अग्निदेवतेचे, फिनिक्सचे उपासक असलेले हे लोक मुगेनने एका रात्रीत संपवले होते, आणि तिच्याच साम्राज्याने ते होऊ दिलं होतं. दुसरा वाचलेला स्पीरवासी आल्तान. लहानपणी प्रयोगशाळेत डांबला गेलेला, अफूच्या आहारी गेलेला, आतून पूर्ण जळलेला तरुण. तो रिनचा सेनापती होतो आणि सूड हे एकच शिक्षण तिला देतो. आल्तान मरतो तेव्हा रिनला कोणी थांबवणारं उरत नाही.

फिनिक्ससमोर रिन उभी राहते, तो प्रसंग आपल्या वाचकाला परका वाटणार नाही. खांडववन आठवा. भुकेला अग्नी ब्राह्मणाच्या रूपात येतो, आणि कृष्णार्जुन वनाच्या कडेला उभे राहून पळणारा प्रत्येक जीव मारून आत ढकलतात. मयासुर, तक्षकाचा मुलगा अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं एवढेच वाचतात. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधल्या ‘मयसभा’ या लेखात या दहनाकडे कौतुकाचा पडदा बाजूला सारून पाहिलं आहे. आणि आपलं महाभारत सांगितलं जातं ते तरी कुठे? जनमेजयाच्या सर्पसत्रात. बाप तक्षकाच्या दंशाने मेला, म्हणून मुलगा सगळी सर्पजात होमात घालायला निघतो. एकाच्या अपराधासाठी सगळ्या वंशाला जाळणं म्हणजे काय, हे आपल्याला फार आधीपासून ठाऊक आहे. आस्तिक ऋषी येतो आणि ते सत्र थांबतं.

रिनच्या वाटेतही एक आस्तिक येते. स्पीरची प्राचीन राणी तिअर्झा हिचा आत्मा तिला विनवतो की हे मागू नकोस. स्वतःच्या काळात याच देवतेला नाही म्हणून जीव दिलेली ती बाई. रिन तिचं ऐकत नाही. ती फिनिक्सला हवं ते देते, मुगेनच्या बेटावरचा ज्वालामुखी फुटतो आणि देश राखेखाली जातो. हे वाचताना हिरोशिमा आणि नागासाकी डोळ्यांसमोर येतातच. हे करण्यासाठी रिनला आधी एक गोष्ट मनाला पटवून द्यावी लागते : पलीकडची ती माणसं नाहीत. मुगेनच्या सैनिकांनी गोलिन नीसमध्ये शिरताना अगदी हेच मनाशी ठरवलेलं असतं. तिचा जिवलग मित्र किताय स्वतः त्या शहरातल्या नरकातून वाचलेला असतो. रिनने काय केलं हे ऐकून तोही हादरतो, आणि सूड मागायचा त्याच्याइतका हक्क कोणालाच नसतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. रिनने केलं तो गुन्हा आहे. माझ्या मनात याबद्दल शंका नाही, आणि कादंबरीच्याही नाही. तरीही ती नायिका आहे, कारण गोष्ट तिच्या मनाच्या आतून सांगितलेली आहे आणि तिने भोगलेलं काहीही खोटं नाही. अन्याय खरा, राग खरा, धोका खरा, आणि तरी शेवटचं कृत्य अक्षम्य. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणं अवघड असतं. आपण एक तर दुःखाच्या मापाने गुन्ह्याला सूट देतो, नाहीतर गुन्हा पाहून दुःखच खोटं ठरवतो.

तुम्ही सोलापूरच्या आहात, म्हणून एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कादंबरीतलं युद्ध ज्या युद्धावरून घेतलं आहे, त्याच युद्धात १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले. पुढे माओंच्या पक्षाच्या आठव्या रूट आर्मीबरोबर राहून त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्याच ग्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट तुमच्या घरात कोणीतरी पाहिलेला असेल. कोटणिसांनी ज्या बाजूला उभं राहून रात्रंदिवस काम केलं ती बाजू त्या घडीला न्यायाची होती. त्यांच्या मृत्यूनंतर माओंनी त्यांना श्रद्धांजली लिहिली. त्याच माओंच्या ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’ या मोहिमेने १९५८ नंतरच्या तीन-चार वर्षांत जो दुष्काळ ओढवला, त्यात किती माणसं गेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. यातली एक गोष्ट खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. कोटणिसांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. न्यायाच्या लढाईतून आलेला माणूस पुढेही न्यायानेच वागेल, ही समजूत मात्र टिकत नाही, आणि क्वांग यांची कादंबरी त्या समजुतीवरच घाव घालते.

शीर्षकातल्या खसखशीच्या फुलाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ते फूल आपल्या किनाऱ्यावरून गेलं आहे. कादंबरीत अफू पिकवणारे, विकणारे आणि तिने मोडून पडलेले लोक पानोपानी आहेत. इतिहासात माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची, आणि मुंबईच्या कितीतरी पेढ्या त्या पैशावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. त्यांच्या नावाचं रुग्णालय आणि कलाशाळा आजही मुंबईची शान आहेत. १८३९ ते १८४२ च्या पहिल्या अफूयुद्धात चीन हरला, तेव्हा नानजिंगचा तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर, आणि ती नौका सागवानात बांधली होती मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली, १८१३ साली. तेव्हा रिनच्या टिकानीतल्या अफूचा धूर आपल्यापासून फार लांबचा समजू नये.

पुस्तकात उणिवा आहेत. पहिला अर्धा भाग शाळेची खेळकर गोष्ट आणि दुसरा अर्धा नरसंहाराची नोंद, या दोहोंचा सांधा काही ठिकाणी उघडा पडतो. राजकारणाची पात्रं कधीकधी गोष्टीच्या गरजेपुरतीच बोलतात. आल्तान रिनशी ज्या तऱ्हेने वागतो, मारझोडीसकट, त्याकडे पुस्तकाने आणखी थांबून पाहायला हवं होतं असं मला वाटतं. मोठी उणीव अशी की मुगेनमधली साधी माणसं आपल्याला जवळजवळ भेटतच नाहीत. भेटतात ते सैनिक आणि संशोधक. रिन तिकडे माणसं पाहू शकत नाही, हे दाखवण्यासाठी लेखिकेने हे मुद्दाम केलं असेल. मला बऱ्याच अंशी तसंच वाटतं. पण त्यामुळे सावध नसलेला वाचक शेवटच्या आगीत कोण जळलं हे न पाहताच पुस्तक मिटू शकतो.

तुमच्या मुलीशी बोलायला हीच जागा चांगली. तिने म्हटलेलं वाक्य खोडून काढू नका, तिला रागावूही नका. ती मनापासून बोलली आहे. तिला फक्त विचारा, “मुगेनमधल्या एका बाईचं किंवा पोराचं नाव सांग.” तिला सांगता येणार नाही. मग विचारा, तिअर्झा काय म्हणाली होती आणि रिनला ते का पटलं नाही. तिसरं विचारा, किताय का हादरला. पाचशे पानं एवढ्या ओढीने वाचणारी मुलगी या प्रश्नांवर स्वतःच बराच वेळ बोलेल, आणि तुम्हाला उपदेश करायची वेळ येणार नाही.

मुलांच्या हाती द्यावं का, याचं उत्तर वयावर आहे. सतरा-अठराच्या मुलीने हे वाचायला माझी हरकत नाही. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेलं युद्ध तिला इथे माणसांच्या अंगावर झेललेलं दिसेल. आठवी-नववीच्या मुलांना मात्र देऊ नये. देवांची आणि युद्धकलेच्या शाळेची गोष्ट म्हणून हे पुस्तक पुष्कळदा लहान मुलांना भेट दिलं जातं आणि गोलिन नीसच्या प्रकरणात ती मुलं एकटी सापडतात. बलात्कार आणि बालहत्या यांची वर्णनं तिथे आडपडदा न ठेवता येतात. मेणाच्या चटक्यांचा भागही कोवळ्या मनाला अनुकरणीय वाटू शकतो. घरातलं कोणी मूल अभ्यासाच्या ताणाने स्वतःला इजा करून घेत असेल, तर हे पुस्तक सध्या बाजूला ठेवा आणि आधी त्या मुलाजवळ बसा, डॉक्टरांचा सल्ला घ्या.

आता ताज्या कलमाबद्दल. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला रिन अफू ओढताना दिसते. जाळलेल्या बेटाची आठवण तिला झोपू देत नाही, आणि ती विझवायला दुसरं काही तिच्याजवळ नाही. म्हणजे पश्चात्ताप आहे, पण तो तिला सुधारत नाही; उलट, ज्या कोणाकडे तिच्या रागाचा उपयोग आहे त्याच्या हाती ती स्वतःला सोपवत जाते. तिसऱ्या भागात ती दक्षिणेतल्या शेतकऱ्यांची फौज घेऊन डोंगरातून चालते. १९३४-३५ च्या लाल सेनेच्या लाँग मार्चची सावली त्या पानांवर आहे, आणि माझ्या मते त्रयीतला सर्वात पक्व लेखनाचा भाग तोच. शेवटी तिच्यापुढे एक निवड येते. ती काय ते सांगत नाही, मुलीचा हक्क आहे तो. एवढंच सांगतो की तिथे रिन पहिल्यांदा स्वतःकडे शत्रूच्या बाजूने पाहते.

दुसरा भाग उघडण्याआधी तिला ‘युगान्त’ द्या आणि ‘मयसभा’ तेवढं वाचायला सांगा. नंतर पुढचं काही हवं असेल, तर एन. के. जेमिसिन यांची ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) आहे. तिच्यातली एसून ही आई रिनपेक्षा वयाने मोठी, तितकीच दुखावलेली, आणि पृथ्वी हादरवण्याचं सामर्थ्य असलेली बाई आहे. ती कादंबरी तुम्ही दोघींनी मिळून वाचलीत तर फार बरं, कारण तिथे आईची बाजू तुम्हाला मुलीपेक्षा जास्त कळेल.